ग्राफीनमधला तो 'ठरलेला' वेग: टोपोलॉजिकल सेमीमेटल आणि इलेक्ट्रॉनांची ढकलाढकली

रेणुकण
क्वांटम पदार्थांवरच्या एका जुन्या धाग्यात कुणीतरी लिहिलं होतं की ग्राफीनमधले, म्हणजे कार्बनच्या एका अणूइतक्या जाडीच्या थरातले, इलेक्ट्रॉन सेकंदाला दहा लाख मीटर पळतात, म्हणजे प्रकाशाच्या तीनशेव्या हिश्शाने, आणि हा वेग प्रकाशाच्या वेगासारखाच पक्का असतो. हे वाक्य इतक्या ठिकाणी येतं की त्यावर कुणी अडत नाही. मला मात्र अडावंसं वाटलं, म्हणून हा वेगळा धागा. हा वेग पक्का नाही. तो बदलतो, बदलताना मोजलेला आहे, आणि त्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात.

थोडी पूर्वतयारी करू. घन पदार्थात इलेक्ट्रॉनचा संवेग आणि त्याची ऊर्जा यांचं नातं बँडच्या आलेखातून कळतं. तांब्यात वरचा बँड अर्धवट भरलेला असतो, म्हणून वीज वाहते. हिऱ्यात भरलेला आणि रिकामा बँड यांच्यात मोठी फट असते, म्हणून वाहत नाही. सेमीमेटलमध्ये हे दोन बँड मोजक्या बिंदूंवर एकमेकांना टेकतात. ग्राफीनमध्ये त्या बिंदूपाशी दोन शंकू टोकाला टोक लावून उभे असतात, खालचा भरलेला, वरचा रिकामा. हा डिराक बिंदू. शंकूचा उतार म्हणजेच इलेक्ट्रॉनचा वेग. त्रिमितीतही अशी मंडळी आहेत: सोडियम आणि बिस्मथचं संयुग, कॅडमियम आर्सेनाइड (दोन्ही २०१४ मध्ये प्रयोगाने दिसले), आणि २०१५ मध्ये प्रिन्स्टन आणि बीजिंग इथल्या गटांनी दाखवलेलं टँटलम आर्सेनाइड, ज्यात बँड टेकण्याचे असे २४ बिंदू आहेत, त्यांना वाइल बिंदू म्हणतात. प्रत्येक वाइल बिंदूला एक चिन्ह असतं, धन किंवा ऋण. विरुद्ध चिन्हाचा जोडीदार गाठ पडल्याशिवाय तो नाहीसा होत नाही. टोपोलॉजिकल म्हणतात ते या चिवटपणामुळे.

आता मुद्दा. ही सगळी चित्रं काढताना प्रत्येक इलेक्ट्रॉन जणू एकटाच आहे असं धरलेलं असतं. तांब्यात हे खपून जातं, कारण तिथे एका घन सेंटिमीटरमध्ये ८.५ गुणिले १० चा २२ वा घात इतके मोकळे इलेक्ट्रॉन आहेत. कुठेही जादा प्रभार आला की आजूबाजूचे लगेच सरकून त्याला झाकतात, आणि अर्ध्या अँगस्ट्रॉमच्या पलीकडे त्याचा फारसा पत्ता लागत नाही. आषाढीच्या गर्दीत मारलेली हाक चार पावलांपुढे पोचत नाही, तीच हाक रात्री माळरानावर पार टेकडीपर्यंत जाते. डिराक बिंदू हे तसं माळरान आहे. तिथे टोकाशी उपलब्ध अवस्थांची संख्या शून्यावर येते, झाकायला कुणीच उरत नाही, आणि कूलोंबचं बल, म्हणजे प्रभारांमधलं विद्युत बल, दूरपर्यंत शाबूत राहतं.

ते किती मोठं? निर्वातात प्रभार आणि प्रकाश यांच्यातल्या नात्याचं माप १/१३७ आहे, म्हणजे लहान. ग्राफीनसाठी तेच माप काढताना प्रकाशाच्या वेगाऐवजी इलेक्ट्रॉनचा वेग घालायचा. तो ३०० पट कमी, म्हणून हे माप ३०० पट मोठं: सुमारे २.२. एकापेक्षा जास्त! पाठ्यपुस्तकातली छोट्या दुरुस्त्यांची पद्धत इथे चालायला नको.

१९९४ मध्ये, म्हणजे ग्राफीनचा थर वेगळा काढण्याच्या दहा वर्षं आधी, गोन्झालेझ, गिनिआ आणि व्होस्मेडियानो या तीन स्पॅनिश सिद्धांतकारांनी गणित मांडलं: या ढकलाढकलीमुळे डिराक बिंदूच्या जवळ जावं तसा वेग वाढत जाईल, हळूहळू, लॉगॅरिदमच्या चालीने. २०११ मध्ये मँचेस्टरच्या गटाने ते मोजलं. वेग दहा लाखांवरून तीस लाख मीटर प्रति सेकंदाच्या आसपास गेला होता. तिप्पट!

प्रयोगाबद्दल पुढे लिहिते. तो भाग मला सगळ्यात जवळचा आहे.

सोनसळी
वाचतेय. प्रयोगाबद्दल नक्की लिहा.

कोयनाकाठ
मी वीज मंडळातून निवृत्त झालेला इंजिनियर, तांब्याची तार हा आयुष्यभराचा विषय. तुमचा लेख आवडला. पण एक शंका. ढकलाढकली असेल तर अडथळा वाढून वेग कमी व्हायला हवा. वाढतो कसा?

रेणुकण
कोयनाकाठ काका, हाच खरा प्रश्न आहे. धडका वेगळ्या आणि उताराचा बदल वेगळा. धडकांनी प्रवाहाला रोध होतो, त्यावर पुढे येऊच. शंकूचा उतार बदलतो तो क्वांटम यामिकीतल्या अदलाबदलीच्या ऊर्जेमुळे.

दोन इलेक्ट्रॉन सगळ्या बाबतींत सारखे असतील तर ते एकमेकांपासून आपोआप लांब राहतात. लांब राहिल्याने त्यांच्यातलं ढकलणं कमी होतं, म्हणजे ऊर्जा थोडी खाली येते. ग्राफीनच्या जाळीत कार्बनच्या दोन जागा आहेत, अ आणि ब, आणि प्रत्येक अवस्था या दोहोंचं ठरावीक मिश्रण असते. खालचा शंकू पूर्ण भरलेला आहे. त्यातल्या इलेक्ट्रॉनचं मिश्रण शेजारच्या भरलेल्या अवस्थांशी जुळतं, म्हणून त्याला ही सवलत भरपूर मिळते. वरच्या शंकूतल्या इलेक्ट्रॉनचं मिश्रण नेमकं उलटं असतं, त्याला ती जवळजवळ मिळत नाही. त्यामुळे खालची अवस्था आणखी खाली जाते आणि दोन्हींमधलं अंतर वाढतं. अंतर वाढलं म्हणजे उतार वाढला.

सगळ्या भरलेल्या अवस्थांची बेरीज केली की त्यात लॉगॅरिदम येतो, कारण कूलोंबचं बल लांबच्या आणि जवळच्या प्रत्येक टप्प्यावर सारखाच वाटा टाकतं. संवेग दहा पट लहान केला की वेगात ठरावीक भर, पुन्हा दहा पट लहान केला की पुन्हा तेवढीच भर. टोकाकडे जाताना शंकूच्या बाजू आत वळतात. मोठ्या आलेखावर तो सरळच दिसतो, टोकाजवळ भिंग धरलं तरच बाक कळतो.

सायली_एमएस्सी
ताई, मी यंदा एमएस्सीच्या प्रकल्पात शुब्निकोव्ह-द हास आंदोलनांवर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र बदलताना रोध वर-खाली होतो त्यावर, वाचतेय. २०११ च्या त्या निबंधात सगळीकडे सायक्लोट्रॉन वस्तुमान येतं. पण ग्राफीनमधले इलेक्ट्रॉन वस्तुमानरहित असतात ना? मग कसलं वस्तुमान मोजलं?

रेणुकण
सायली, छान जागी बोट ठेवलंस. चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन गोल फिरतो, आणि त्या फिरण्याला किती वेळ लागतो त्यावरून जे वस्तुमान निघतं ते सायक्लोट्रॉन वस्तुमान. शंकूच्या बाबतीत ते म्हणजे संवेग भागिले वेग. स्थिर वस्तुमान शून्य असलं तरी हे शून्य नसतं. वाहकांची घनता कमी केलीस की संवेग घनतेच्या वर्गमुळाने घटतो. वेग पक्का असेल तर वस्तुमानही नेमकं वर्गमुळाने घटायला हवं. म्हणजे वस्तुमानाला घनतेच्या वर्गमुळाने भागायचं आणि आलेख आडवा येतो का पाहायचं. कमी घनतेला तो खाली वळला. वस्तुमान अपेक्षेपेक्षा कमी, म्हणजेच वेग जास्त.

वस्तुमान काढतात ते आंदोलनांच्या उंचीवरून. तापमान वाढलं की आंदोलनं विरतात. वस्तुमान जड असेल तर लवकर विरतात, हलकं असेल तर टिकून राहतात. एकाच घनतेला, एकाच चुंबकीय क्षेत्रात, वेगवेगळ्या तापमानांना उंची मोजायची आणि ती कशी उतरते त्यावरून वस्तुमान काढायचं. चौरस सेंटिमीटरला १० चा १० वा घात इतके वाहक असतील तर वेग दहा लाख धरूनही हे वस्तुमान मोकळ्या इलेक्ट्रॉनच्या जेमतेम ०.२ टक्के येतं. इतक्या हलक्या वस्तुमानाची आंदोलनं अगदी लहान क्षेत्रातही दिसतात, पण नमुना स्वच्छ हवा. सगळी कसोटी तिथे.

नमुन्याबद्दल लिहायचंच होतं. आधी ग्रॅफाइटवरून चिकटपट्टीने पापुद्रा काढायचा आणि सिलिकॉनच्या चकतीवर ठेवायचा. चकतीवर ऑक्साइडचा पातळ थर असतो. त्यावर सोन्याची टोकं बसवायची. मग हायड्रोफ्लुओरिक आम्लाने ग्राफीनखालचा ऑक्साइड खाऊन टाकायचा. पापुद्रा आता दोन टोकांवर टांगलेला, खाली मोकळं. नुसता वाळवायला ठेवला तर आटणाऱ्या द्रवाच्या पृष्ठताणाने तो खाली ओढला जाऊन चिकटतो, म्हणून कार्बन डायॉक्साइडच्या क्रांतिक बिंदूतून नेऊन वाळवायचा. तरीही पृष्ठभागावर रसायनांचा मळ राहतोच. तो घालवायला क्रायोस्टॅटमध्येच (नमुना अतिथंड ठेवणाऱ्या पेटीत) ग्राफीनमधून मोठा प्रवाह सोडतात, पापुद्रा काहीशे अंशांवर तापतो आणि मळ उडून जातो. प्रवाह थोडा जास्त झाला की पापुद्रा फाटतो. पीएचडीच्या काळात हे काम मी केलं आहे. स्क्रीनवर रोधाचा कळस अरुंद होत जातो, प्रवाह आणखी किंचित वाढवावा की इथेच थांबावं हे ठरवताना श्वास रोखलेला असतो.

हा खटाटोप कशासाठी? ऑक्साइडवर बसलेल्या ग्राफीनमध्ये खालच्या अशुद्धींमुळे कुठे जादा इलेक्ट्रॉन, कुठे जादा होल (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, धन प्रभारासारख्या वागणाऱ्या) अशी डबकी तयार होतात. चौरस सेंटिमीटरला १० चा ११ वा घात इतका हा चढउतार असतो. डिराक बिंदूची खरी जवळीक त्याच्याखाली बुडून जाते. टांगलेल्या नमुन्यात तो शंभर पट खाली येतो. शिवाय खालचा ऑक्साइड बल थोडंफार झाकत असतो, तोही गेला.

सायली_एमएस्सी
आता आकृती नीट कळली. खूप आभार ताई! प्रकल्पात वापरते.

दूरदेशी
धागा उत्तम. मी संगणकीय पदार्थविज्ञानात काम करतो, दोन गोष्टी मांडतो. पहिली आक्षेपवजा आहे. ग्राफीनला टोपोलॉजिकल सेमीमेटल म्हणावं का? स्पिन-ऑर्बिट आंतरक्रिया (इलेक्ट्रॉनचं स्पिन आणि त्याची गती यांचं नातं) धरली की ग्राफीनमध्ये फट पडतेच, २००५ मध्ये केन आणि मेली यांनी नेमकं तेच दाखवलं. काटेकोर बोलायचं तर ग्राफीन हा टोपोलॉजिकल इन्सुलेटर आहे, म्हणजे आतून विजेला बंद आणि फक्त कडेने वाहू देणारा.

दुसरी गोष्ट पुरवणी म्हणून. माप २.२ आहे म्हटल्यावर नुसता वेग वाढून भागेल असं कुणालाच वाटत नव्हतं. २००९ मध्ये द्रुत आणि लेहडे यांनी महासंगणकावर मॉन्टे कार्लो पद्धतीने (यादृच्छिक नमुने घेऊन) गणित केलं. ते माप १.१ च्या आसपास गेलं की इलेक्ट्रॉन आणि होल जोड्या बांधतात आणि फट पडते, असं त्यातून निघालं. म्हणजे टांगलेलं ग्राफीन इन्सुलेटर व्हायला हवं होतं. मँचेस्टरच्या मोजणीत ०.१ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट इतक्या जवळ जाऊनही फट दिसली नाही. गणित चुकलं कुठे, हे तुम्ही लिहायला हवं होतं.

रेणुकण
दूरदेशी, पहिल्या मुद्द्यावर सिद्धांत म्हणून तुमचं बरोबर. पण ती फट काही दशक मायक्रोइलेक्ट्रॉनव्होल्टची आहे, म्हणजे साधारण अर्धा केल्विन. आपण बोलतोय त्या सगळ्या प्रयोगांत तापमान, अशुद्धी आणि घनतेतले चढउतार तिच्याहून मोठे आहेत. आणि ज्या गुणामुळे ही मंडळी एका घरातली म्हणायची, तो शंकूभोवती फिरताना इलेक्ट्रॉनच्या लहरीला मिळणारा पाय इतका जादा कोन (बेरी कोन), तो ग्राफीनमध्ये २००५ मध्येच क्वांटम हॉल परिणामातून दिसला. ढकलाढकलीचा अभ्यास करायला याच्याइतका स्वच्छ पदार्थ नाही. म्हणून सुरुवात ग्राफीनपासून.

दुसऱ्या मुद्द्यावर तुम्हीच लिहा ना. तुमच्या क्षेत्रातलं आहे.

दूरदेशी
लिहितो. त्या गणितात अडचण होती ती जवळच्या अंतराची. दोन इलेक्ट्रॉन लांब असतील तर कूलोंबचा नियम चोख चालतो. पण ते एकाच कार्बनवर किंवा शेजारच्या कार्बनवर आले की मधल्या सिग्मा बंधांतले इलेक्ट्रॉन त्यांना बरंच झाकतात. २००९ च्या गणितात ते आलं नव्हतं. २०१३ मध्ये उलिबिशेव्ह, काट्सनेल्सन आणि सहकाऱ्यांनी जवळच्या अंतराचे आकडे खऱ्या पदार्थाचे घालून तीच पद्धत चालवली. टांगलेलं ग्राफीन सेमीमेटलच राहतं असं निघालं, प्रयोगाशी जुळणारं.

यातली मला महत्त्वाची वाटणारी बाब अशी की अवस्थांची संख्या टोकाशी शून्य असल्याने सेमीमेटल कमजोर ढकलाढकलीने मोडतच नाही. साध्या धातूत अगदी थोड्या आकर्षणानेसुद्धा अतिवाहकता येऊ शकते, कारण भाग घ्यायला अवस्था तयार असतात. इथे नसतात. षटकोनी जाळीवरच्या हबर्ड प्रतिमानात, जिथे इलेक्ट्रॉन शेजारच्या अणूवर उड्या मारतात आणि एकाच अणूवर आले तरच ढकलतात, एकाच अणूवरच्या ढकलण्याची ऊर्जा ही उडीच्या ऊर्जेच्या सुमारे ३.८ पट झाली की मगच प्रतिलोहचुंबकीय क्रम (शेजारशेजारचे स्पिन उलटसुलट) येऊन फट पडते. ग्राफीनमध्ये हे गुणोत्तर ३.३ च्या आसपास निघतं. उंबरठ्याच्या इतक्या जवळ! पण शेजारच्या अणूंवरही ढकलणं आहेच, त्यामुळे उडी मारून शेजारी गेल्याने इलेक्ट्रॉनची सुटका होत नाही. परिणामी गुणोत्तर निम्म्यावर, १.६ च्या आसपास येतं. दूरवर पोचणारं बल इथे सेमीमेटलला वाचवतं, हे मला दरवेळी नव्याने आवडतं.

याच हबर्ड प्रतिमानावर २०१० मध्ये एक गाजलेला दावा झाला होता की सेमीमेटल आणि प्रतिलोहचुंबक यांच्या मध्ये स्पिन लिक्विडची, म्हणजे स्पिन कधीच क्रमात न बसणाऱ्या अवस्थेची, पट्टी आहे. त्यावर ढिगाने निबंध आले. २०१२ मध्ये सोरेला, ओत्सुका आणि युनोकी यांनी कितीतरी मोठी जाळी घेऊन गणित केलं आणि ती पट्टी गायब झाली. सेमीमेटल संपतं तिथेच प्रतिलोहचुंबक सुरू होतं. लहान जाळीवर निघालेल्या निष्कर्षाला किती वजन द्यायचं, हे आमच्या क्षेत्रात त्या निबंधाने सगळ्यांना शिकवलं.

अधांतरी
एक मूलभूत शंका. वेग असा वाढतच गेला तर प्रकाशाच्या पुढे जाईल का?

रेणुकण
नाही जाणार. नेहमीच्या गणितात कूलोंबचं बल तत्क्षणी पोचतं असं धरलेलं असतं. वेग प्रकाशाच्या जवळ आला की बल पोचायला लागणारा वेळ धरावा लागतो. १९९४ च्या त्याच कामात तेही केलेलं आहे. प्रवासाचा शेवट इलेक्ट्रॉनचा वेग आणि प्रकाशाचा वेग एक होण्यात आहे, आणि तिथे ढकलाढकलीचं माप परत १/१३७ होतं. पण लॉगॅरिदम फार मंद. तिथे पोचायला ग्राफीनचा तुकडा कुठल्याही प्रयोगशाळेत मावणार नाही इतका मोठा हवा. प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी आधी तापमान, अशुद्धी किंवा तुकड्याची लांबी आडवी येते.

यात एक सुंदर उलटेपण आहे. निर्वातात १/१३७ हे माप लांबून पाहिलेलं. कणांच्या टकरींत खूप जवळ गेलं की ते वाढून १/१२८ च्या आसपास जातं. ग्राफीनमध्ये प्रभार तसाच राहतो आणि वेग बदलतो. लांबून पाहावं, म्हणजे कमी ऊर्जेला, तसा वेग वाढतो आणि माप उतरतं. वेग तीस लाख झाला तेव्हा २.२ चं ०.७३ झालेलं असतं. म्हणून तर सुरुवातीला एवढी जबरदस्त वाटणारी ढकलाढकली सेमीमेटलला मोडू शकत नाही. ती स्वतःच वेग वाढवते आणि त्या वेगानेच तिची धार कमी होते.

तांबडी_माती
हे सगळं वाचायला भारी वाटतंय. पण रोजच्या मोजमापात, म्हणजे रोध वगैरे, याचा काही मोठा परिणाम दिसतो का? की अगदी टोकाशी, अगदी थंडीत, अगदी स्वच्छ नमुन्यातच?

रेणुकण
दिसतो, आणि तो कोयनाकाठ काकांच्या ओळखीच्या नियमातच दिसतो.

तांबं विजेला चांगलं तसं उष्णतेलाही चांगलं. दोन्ही इलेक्ट्रॉनच वाहून नेतात, म्हणून उष्णतावहन आणि विद्युतवहन यांचं गुणोत्तर तापमानाच्या प्रमाणात असतं, सगळ्या धातूंत जवळपास एकच. विडेमान आणि फ्रान्झ यांचा १८५३ चा नियम. २०१६ मध्ये हार्वर्डच्या गटाने हेक्सागोनल बोरॉन नायट्राइडच्या दोन पापुद्र्यांमध्ये ग्राफीन ठेवून डिराक बिंदूपाशी हे गुणोत्तर मोजलं. ७५ केल्विनच्या आसपास ते नियमापेक्षा दहा पटींहून जास्त निघालं.

आता धडकांकडे वळू. डिराक बिंदूपाशी इलेक्ट्रॉन आणि होल सारख्याच संख्येने असतात. विजेचा दाब दिला की इलेक्ट्रॉन एकीकडे जातात, होल दुसरीकडे. एकमेकांना आडवे येतात, धडकतात, प्रवाह अडतो. उष्णतेसाठी मात्र दोघेही गरम टोकाकडून थंड टोकाकडे एकाच दिशेने निघतात. आपसात कितीही धडकले तरी सगळ्यांचा मिळून संवेग तोच राहतो, म्हणून उष्णतेचा ओघ थांबत नाही. वीज अडलेली, उष्णता मोकळी. गुणोत्तर उसळतं. एकेकट्या इलेक्ट्रॉनच्या चित्रात हे बसवताच येत नाही.

या धडका किती जलद? जवळपास क्वांटम यामिकी परवानगी देईल तितक्या. १०० केल्विनला दोन धडकांमधला काळ ०.०८ पिकोसेकंदाच्या घरात. इतक्या वेळा आपसात धडकणारे कण मग पाण्यासारखे वाहायला लागतात. याला डिराक द्रव म्हणतात. त्याच वर्षी मँचेस्टरच्या गटाने ग्राफीनमध्ये, घनता थोडी वाढवून, प्रवाहाच्या कडेला उलटे भोवरे पडल्याची खूण मोजली: जवळच्या टोकांवर व्होल्टेजचं चिन्ह उलटं आलं.

कोयनाकाठ
विडेमान-फ्रान्झ मोडतो! आम्हाला कॉलेजात तो दगडावरची रेघ म्हणून शिकवला होता. आपल्याकडे कुणी यावर काम करतं का?

रेणुकण
करतात, आणि आघाडीचं. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अरिंदम घोष यांच्या गटाने २०२५ मध्ये नेचर फिजिक्समध्ये काम प्रसिद्ध केलं. अतिशय स्वच्छ ग्राफीनमध्ये, कमी तापमानाला, विडेमान-फ्रान्झ गुणोत्तर नियमाच्या २०० पटींहून जास्त. हार्वर्डच्या आकड्याच्या किती पुढे ते बघा. बोरॉन नायट्राइडचे स्फटिक जपानच्या राष्ट्रीय पदार्थविज्ञान संस्थेचे. जगभरात बहुतेक सगळे याच स्फटिकांवर काम करतात. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मंदार देशमुख यांचा गट पिळलेल्या, म्हणजे एकावर एक थोड्या कोनात ठेवलेल्या, ग्राफीनच्या थरांवर काम करतो. २०२२ मध्ये त्यांनी त्यातल्या टोपोलॉजीतला बदल बेरी वक्रतेच्या (आधीच्या बेरी कोनाशी जोडलेल्या राशीच्या) मोजणीतून पकडला होता.

सायली, पीएचडीचा विचार असेल तर ही दोन्ही ठिकाणं डोळ्यांसमोर ठेव.

अधांतरी
पिळलेल्या थरांचं नाव निघालंच आहे तर, १.१ अंशाच्या त्या जादुई कोनात वेग शून्याच्या जवळ जातो असं वाचलं होतं. तुमच्या हिशेबाने मग माप प्रचंड होईल?

दूरदेशी
अगदी तसंच होतं. बिस्ट्रिट्झर आणि मॅकडोनाल्ड यांनी २०११ मध्ये तो कोन गणिताने काढला, २०१८ मध्ये एमआयटीत त्या कोनात फट आणि १.७ केल्विनपर्यंतची अतिवाहकता दिसली. तिथे वेग भाजकात इतका लहान आहे की रेणुकण यांनी सांगितलेली स्वतःची धार कमी करण्याची वाट उपयोगी पडत नाही. बँड आधीच सपाट आहे, आणि ढकलाढकलीच सगळं ठरवते. एकाच कार्बनच्या दोन टोकांच्या गोष्टी आहेत या.

तांबडी_माती
आणि ते २४ वाइल बिंदूवालं टँटलम आर्सेनाइड? तिथे काय होतं? त्याबद्दल कुणी काहीच बोललं नाही.

रेणुकण
टँटलम आर्सेनाइडमध्ये ढकलाढकली फार दिसत नाही. त्रिमितीत आजूबाजूचे अणू बल बरंच सौम्य करतात, शिवाय तिथे प्रभारही झाकला जातो. एकेकट्या इलेक्ट्रॉनचं चित्र तिथे छान चालतं. रस आहे तो दुसऱ्या दोन वाटांत.

पहिली वाट म्हणजे वाइल बिंदू मोडण्याची. विरुद्ध चिन्हाचे दोन बिंदू संवेगात लांब असतात, त्यामुळे ते आपणहून भेटत नाहीत. पण इलेक्ट्रॉनांनी मिळून प्रभार घनतेची लाट उभारली आणि तिची लांबी बरोबर त्या अंतराला जुळली, तर दोघे जोडले जातात आणि फट पडते. टँटलम, सेलेनियम आणि आयोडीनच्या एका साखळीसारख्या संयुगात, २६० केल्विनच्या आसपास लाट येते तिच्याखाली, असं दिसल्याचा दावा २०१९ मध्ये नेचरमध्ये आला. लाटेच्या सरकण्याला अॅक्सिऑनसारखं (कणभौतिकीतल्या एका कल्पित कणासारखं) समीकरण लागतं, म्हणून कणभौतिकीवाल्यांनाही त्यात रस. तो दावा सगळ्यांनी मान्य केलेला नाही. माझ्या मते मोजणी पक्की आहे, तिचा अर्थ अजून पक्का व्हायचा आहे.

दुसरी वाट मला जास्त मोलाची वाटते. सेरियम, बिस्मथ आणि पॅलॅडियमच्या एका संयुगात सेरियमच्या एफ कक्षेतले इलेक्ट्रॉन एकमेकांना इतके ढकलतात की ते जवळपास जागचे हलत नाहीत. कोंडो परिणामाने, म्हणजे अशा जागच्या इलेक्ट्रॉनांचं स्पिन फिरत्या इलेक्ट्रॉनांशी बांधलं जातं त्याने, ते इतर इलेक्ट्रॉनांत मिसळतात आणि त्या मिश्रणातून वाइल बिंदू तयार होतात. व्हिएन्नाच्या तंत्रविद्यापीठातला सिल्के पाशेन यांचा गट आणि राइस विद्यापीठातले किमियाओ सी यांनी हे चित्र मांडलं. शंकू साध्या सेमीमेटलपेक्षा सुमारे हजार पट पसरट, वेग तितकाच कमी. वेग कमी म्हणजे अवस्था जास्त, म्हणून या बिंदूंचा वाटा थेट विशिष्ट उष्णतेत दिसतो, तापमानाच्या घनाच्या प्रमाणात. २०२१ मध्ये त्यांनी आणखी दाखवलं की चुंबकीय क्षेत्र शून्य असताना, पदार्थ चुंबक नसताना, त्यात हॉल व्होल्टेज येतं, आणि चांगलं मोठं. ग्राफीनमध्ये शंकू आधी होता, ढकलाढकलीने त्याचा आकार बदलला. इथे ढकलाढकली नसेल तर हा शंकूच नाही.

सोनसळी
मी भौतिकीची नाही, तरी शेवटपर्यंत वाचलं. एक विचारू? शंकूचा बाक थेट फोटोसारखा बघता येतो का? की नेहमी असं आडून आडून मोजावं लागतं?

दूरदेशी
येतो. पदार्थावर अतिनील किंवा क्ष-किरण टाकून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनचा कोन आणि ऊर्जा मोजली की बँडचं चित्र थेट मिळतं. टँटलम आर्सेनाइडमधले वाइल बिंदू असेच दिसले. ग्राफीनमध्येही या पद्धतीने बाक दिसला आहे. अडचण अशी की या मोजणीत ऊर्जेतला अगदी बारीक फरक पकडता येत नाही, आणि टांगलेला पापुद्रा किरणांखाली मोजणं कठीण. त्यामुळे टोकाच्या जवळ चुंबकीय आंदोलनंच वरचढ ठरतात.

जपानमध्ये एका सेंद्रिय स्फटिकावर तिसराच मार्ग घेतला गेला. दाबाखाली त्यात तिरके डिराक शंकू तयार होतात. तिथे दाबपेटीत किरण शिरत नाहीत, म्हणून कार्बनच्या केंद्रकांचा चुंबकीय अनुनाद वापरला. एकाच रेणूजाळीत वेगवेगळ्या जागी बसलेली केंद्रकं शंकूच्या वेगवेगळ्या बाजूंना दाद देतात. त्यावरून शंकूची कुठली बाजू किती आत वळली ते २०१६ मध्ये वेगळं काढता आलं.

सायली_एमएस्सी
ताई, शेवटची शंका. आंदोलनांची उंची तापमानासोबत उतरते ती नुसत्या वस्तुमानामुळेच हे कशावरून? डबक्यांमुळेही उंची कमी होत असेल ना?

रेणुकण
होते, पण डबक्यांचा परिणाम तापमानावर जवळपास अवलंबून नसतो. तो सगळ्या तापमानांना उंची सारख्याच प्रमाणात खाली आणतो. म्हणून एकच घनता आणि एकच क्षेत्र पक्कं धरायचं, फक्त तापमान बदलायचं, आणि सगळ्या उंचींना सर्वांत थंड मोजणीच्या उंचीने भागायचं. डबक्यांचा गुणक वर-खाली कटतो, वस्तुमानाचा राहतो. प्रकल्पात आलेख काढताना क्षेत्र सरकू देऊ नकोस, कारण क्षेत्र बदललं की डबक्यांचा गुणकही बदलतो आणि मग भागाकार करूनही तो कटत नाही.